उन्हाची धास्ती आणि तळपायाचा डाग

वैशाख लागला की या सदराकडे उन्हाची पत्रं येऊ लागतात. यंदाच्या गठ्ठ्यातली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : आपण गव्हाळ, सावळी माणसं. त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांचा आजार, आपल्याला होत नाही, असं सगळे म्हणतात. मग सनस्क्रीनवर पैसे का घालवायचे? (विक्रोळी)

होतो, पण कमी होतो. कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरण बरेचसे अडवतं. ऑस्ट्रेलियात हा आजार घरोघरी माहीत आहे, आपल्याकडे नाही, त्याचं मुख्य कारण हेच. पण आपल्याकडे जो होतो तो कुठे होतो, हे कळलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

त्वचेच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार तीन. पहिला बेसल सेल कार्सिनोमा, त्याचा उन्हाशी थेट संबंध आहे. तो नाकावर, डोळ्याखाली, गालावर होतो. गोऱ्या कातडीवर तो गुलाबी दिसतो, आपल्याकडे काळपट आणि चकचकीत, त्यामुळे माणसं त्याला तीळ किंवा चामखीळ समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. खपली धरते, निघते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली धरते. महिनाभरात न भरणारी अशी जखम दाखवायलाच हवी. वेळेत काढला तर हा कॅन्सर बहुधा पूर्ण बरा होतो.

दुसरा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मात्र आपल्याकडे अनेकदा उन्हाचा नसतोच. तो जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेवर उठतो. परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ साली कंबरेवर धोतर घट्ट आवळल्याने होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. परकराच्या नाडीचा करकोचाही तेच करू शकतो. कंबरेवर काळा पट्टा पडला असेल, साल निघत असेल, तर नाडी काढून रुंद पट्टा लावा आणि बांधायची जागा बदलत राहा. काळ्या पट्ट्यात जखम झाली आणि ती भरत नसेल तर मलमं लावत बसू नका.

राहिला मेलानोमा, तिघांत सर्वांत घातक. आपल्यासारख्या कातडीत तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन पोचतच नाही. सनस्क्रीन लावावं, चेहऱ्यासाठी त्याचा उपयोग आहेच. पण कॅन्सरच्या भीतीने महागडी ट्यूब आणायची आणि तळपाय मात्र कधी उलटा करून बघायचा नाही, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रश्न : आईच्या (वय ६२) पायाच्या अंगठ्याच्या नखात काळी उभी रेघ आली आहे. दार लागलं होतं, असं ती म्हणते. नख वाढून रेघ निघून जाईल का? (भांडुप)

आधी निर्णय सांगतो : वाट बघू नका, याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आता कारण. वर सांगितलेला नखाखालचा मेलानोमा अशा रेघेसारखा दिसू शकतो.

मार लागून नखाखाली साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. म्हणजे रक्ताचा डाग असेल तर दोन महिन्यांत त्याच्या आणि मुळाच्या मध्ये स्वच्छ नखाची पट्टी दिसायला हवी. रंग मुळापासून टोकापर्यंत सलग राहिला तर तो नखाच्या मुळातच तयार होतो आहे. अर्थात सावळ्या माणसांत बारीक, एकसारख्या रेघा अनेक नखांत असतात आणि त्या निरुपद्रवी असतात. खटकायला हवं ते हे : एकाच नखात, तेही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, उतारवयात नवी आलेली रेघ, रुंदी तीन मिलिमीटरच्या पुढे, मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळती, आत कुठे तपकिरी, कुठे काळी, नख चिरलेलं. सर्वांत वाईट खूण म्हणजे रंग नखाबाहेर पडून भोवतालच्या कातडीवर उतरणं. दार लागलं हे खरं असलं तरी त्यावरून निर्धास्त होऊ नये, कारण मार आणि कॅन्सरची गाठ दोन्ही एकाच नखात असू शकतात.

इथे चुका ठरलेल्या आहेत. बुरशी समजून सहा महिने औषध चालतं. किंवा पार्लरमध्ये नख घासून वर गडद नेलपॉलिश लागतं. डॉक्टरांकडे जाताना पॉलिश काढून जा आणि रेघेशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो न्या. डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने आधी बघतात. शंका आली तर तपासणीसाठी तुकडा नखाच्या मुळातून घ्यावा लागतो, वाढलेलं टोक कापून पाठवण्याने भागत नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही समजूत चुकीची आहे, आणि याच समजुतीपायी उशीर होतो.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर पाय कोरडे करून तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा आणि मोबाइलचा दिवा लावा. वेड्यावाकड्या कडेचा, दोन-तीन छटांचा, सहा मिलिमीटरहून मोठा किंवा वाढत जाणारा डाग दाखवून घ्या. पुन्हा पुन्हा रक्त येणारं ‘कुरूप’ घरी ब्लेडने तासू नका. बिनरंगाचा मेलानोमा असाच दिसू शकतो.

प्रश्न : एसपीएफ ५० लावूनही मी काळवंडते. १०० घ्यावं का? रोज लोकलने चर्चगेटला जाते, पुढे पंधरा मिनिटं चालत. (बोरिवली)

आकडा नको, प्रमाण वाढवा. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे अतिनील किरण, साधारण ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८ आणि १०० साधारण ९९. पण हे आकडे प्रयोगशाळेतले, दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थर लावून काढलेले. आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ काढा. तेवढं चेहरा आणि मानेला. कान विसरू नका. हे साधारण एक ग्रॅम होतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावल्यास दीड-पावणेदोन महिन्यांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल तर काळवंडण्याचं कारण सापडलं.

दुसरं, लोकलमध्ये रुमालाने घाम पुसला की थरही पुसला जातो. म्हणून गर्दीतून उतरल्यावर, चालायला लागण्याआधी पुन्हा लावा. दिवसभर उन्हात असाल तर दर दोन तासांनी. मुंबईच्या दमट हवेत जाड क्रीमने पुळ्या येतात, जेल बरं. काळवंडणं यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांनीही होतं, तेव्हा ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (दोन्ही किरण अडवणारं) आणि यूव्हीएपासूनचं संरक्षण दाखवणाऱ्या ‘पीए’पुढे तीन-चार अधिकची चिन्हं बघून घ्या. गालावर वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही गडद होतो. आणि छत्री उघडा. पंधरा मिनिटांच्या चालीला तिच्याइतकं स्वस्त काही नाही.

प्रश्न : मुलगा आझाद मैदानात दिवसभराचे सामने खेळतो. बारा ते दोन सावलीत बसवलं तर पुरे ना? (लालबाग)

आपलं घड्याळ प्रमाणवेळेचं, त्यामुळे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबारा-पाऊणला. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस तर शून्य सावलीचा दिवस असतो. म्हणून अकरा ते तीन धरा. घड्याळापेक्षा सोपा हिशेब : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत. जुलैतल्या पातळ ढगांवर भिस्त ठेवू नका, त्यांतून बरेचसे किरण खाली येतात.

पूर्ण बाह्यांचा सदरा द्या, तो उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर किरणही आरपार. घामाने ओला सुती कपडा आणखी कमी अडवतो, जेवणाच्या सुटीत सदरा बदलू द्या. क्रिकेटच्या टोपीने कान आणि मानेची मागची बाजू उघडी राहते, सात-आठ सेंटिमीटर काठाची गोल हॅट हवी. खालच्या ओठावर आणि नाकाच्या शेंड्यावर झिंक ऑक्साइडची पेस्ट लावा, पांढरं दिसलं तरी.

प्रश्न : साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेतलं. दुसऱ्या दिवशी तासभर उन्हात होतो, हात भाजल्यासारखे लाल झाले. (कुर्ला)

बहुधा गोळीचाच परिणाम. डॉक्सिसायक्लिनने कातडी उन्हाला नाजूक होते. आणखी डोस असतील तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना हात दाखवा, बाह्या पूर्ण ठेवा. रक्तदाबाच्या हायड्रोक्लोरोथायझाइडचंही तसंच. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र ऊन कायमचंच टाळावं आणि कातडी वर्षातून एकदा तपासून घ्यावी. त्यांना त्वचेच्या कॅन्सरचा धोका खरोखर मोठा आहे.

प्रश्न : ड जीवनसत्त्वासाठी बंद काचेच्या खिडकीत सकाळी बसलं तर चालतं? (मुलुंड)

नाही. ड जीवनसत्त्व यूव्हीबीने बनतं, ते काच अडवते. यूव्हीए मात्र बरंचसं आत येतं. म्हणजे लाभ नाही आणि काळवंडणं तेवढं पदरात. रक्ततपासणीत कमतरता निघाली असेल तर डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसाच्या गोळ्या घ्या.