पेन्सिलीने भरलेली दोन पाने

गोव्यातील वाळपईकडील एक गृहस्थ आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, मराठी पुस्तक हातात पडलं की ही जेवणसुद्धा विसरते, आणि इंग्रजीचं पान उलटत नाही. ह्याला आळस म्हणायचा की भीती?" असे त्यांनी विचारले. मुलीला येथे मी अनघा म्हणेन. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी माध्यम आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत, अशा वाटेने आलेली मुले सत्तरी, डिचोली, पेडणे भागात घरोघरी आहेत, आणि त्यांच्या पालकांकडून हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते.

वडील बाहेर जाऊन बसल्यावर अनघाने दप्तरातून दोन पुस्तके काढली. पहिली होती एका नातेवाइकाने वाढदिवसाला दिलेली जाडजूड अद्भुतरम्य कादंबरी. तिच्या पहिल्या पानावर शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले होते. मी मोजले, ते ४७ भरले. दुसऱ्या पानावर वीसेक होते आणि तिसरे पान कोरे होते. दुसरे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातले होते आणि त्याला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते. मी कव्हर सारले, तर आत सशाचे चित्र! "बसमध्ये पोरी हसतात," ती खाली बघत म्हणाली.

तिचे सारे दुखणे त्या कव्हरात होते. कादंबरीच्या पानावर साधारण २५० शब्द धरले, तर ४७ अनोळखी शब्द म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाचवा शब्द अडणारा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी सहलेखिकेसह २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शंभरांपैकी ८० शब्दच ओळखीचे असताना एकाही वाचकाला गोष्ट पुरेशी समजली नव्हती, आणि कोणाच्या मदतीशिवाय वाचायचे तर ९८ च्या आसपास शब्द ठाऊक असावे लागतात, असे दिसून आले. एवढ्या चढावर अनघा दोन पाने चालली, ह्याला आळस कोण म्हणेल? आणि सशाचे पुस्तक तिच्या इंग्रजीला झेपत असले, तरी चौदा वर्षांच्या मुलीच्या मनाला त्यात काही नव्हते. शाळेतील पुस्तके निवडणाऱ्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते, की भाषेची इयत्ता पाहताना मुलाचे वय नजरेआड करू नये.

मी तिला इंग्रजीचे नव्हे, मराठी वाचनाचे विचारले. रहस्यकथा, आणि त्याही खेड्यातल्या, हे उत्तर तिने क्षणात दिले. मग माझ्या कपाटातील पाच पुस्तके मी टेबलावर मांडली: नायक-नायिका तिच्याच वयाच्या आसपासचे, प्रकरणे छोटी, संवाद भरपूर. दोन पुस्तके इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ठरावीक शब्दसंख्येत लिहिलेली होती (अशा मालिका तीन-चारशे शब्दांपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने अडीच-तीन हजारांपर्यंत जातात), एक चित्रकादंबरी होती, आणि दोन भारतातच घडणाऱ्या कथा होत्या, कारण पाऊस, फणस आणि आजी ह्यांसाठी शब्दकोश लागत नाही. प्रत्येकाचे मधले एक पान पेन्सिलीशिवाय वाचायचे, अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटायचे, आणि पान संपण्याआधी मूठ वळली तर पुस्तक बाजूला ठेवायचे, असे मी तिला सांगितले. तिने तीन बाजूला ठेवली. तिसऱ्या वेळी तर माझ्याकडे न पाहताच. उरलेल्या दोहोंपैकी तिने चोरीचा तपास असलेले बारके पुस्तक उचलले.

वडिलांचा चेहरा उतरला. "सत्तर पानांचं? नववीला?" मी त्यांना कादंबरीची ती दोन पाने दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे आम्ही कधी उघडून बघितलंच नाही." कुमारांच्या पुस्तकांत प्रेम, मैत्रीतील फसवणूक असे विषय येतात, त्याचीही त्यांना धास्ती होती, तेव्हा आधी स्वतः चाळा, न जमल्यास तिलाच गोष्ट कोकणीत सांगायला लावा, एवढेच मी सुचवले.

तीन आठवड्यांनी अनघा आली. एक पुस्तक तिने संपवले होते आणि दुसरे अर्ध्यावर सोडले होते, आणि सोडल्याचे तिने न लाजता सांगितले. परीक्षेत गुण वाढतील का, हे वडिलांनी विचारलेच. व्याकरण आणि निबंधाचा सराव वेगळा करावा लागेल, वाचनाने शब्द आणि वेग वाढायला काही महिने जातील, आणि तोवर तिची मराठी पुस्तके बंद करू नका, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. अनघा तेवढ्यात कपाटापाशी जाऊन बोटे मिटत उभी होती.