सीतेची वेणी आणि घरचा आंबा

प्रश्न: वळवाच्या वादळात आमच्या रानातल्या ऐनाची फांदी मोडली. तिच्यावर सीतेची वेणी आहे. ती परसातल्या आंब्यावर लावायची आहे, पण हे बांडगूळ असून आंबा वाळेल असं सासरे म्हणतात. काय करावं? (लांजा)

उत्तर: सासऱ्यांना सांगा, बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस ओढतं. सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड; ती सालीला नुसती धरून राहते. पाणी पावसाचं, खत पालापाचोळ्याचं. आंब्याला काही होत नाही.

मुळं सालीवरून खरवडू नका, घाई तिथेच नडते. फांदीचा फूटभर तुकडा करवतीने कापा, मागून उभा चिरून सपाट करा आणि रोपासकट तोच खोडाला बांधा. त्याआधी तुकड्यात वाळवी नाही ना, ते ठोकून पाहा. मेलेल्या लाकडाबरोबर ती आंब्यावर चढते. तुकडा कुजेपर्यंत नवी मुळं आंब्याची साल धरतात.

मुळं सुटलीच असतील तर कुजकी आधी काढा. ती ओळखणं सोपं आहे: चिमटीत धरून ओढलं की तपकिरी साल मोज्यासारखी निघते आणि आत दोरा उरतो. चांगलं मूळ पांढरं, टणक असतं आणि भिजलं की हिरवट दिसतं. कापल्या जागी दालचिनीची पूड लावून रोप एक दिवस सावलीत कोरडं ठेवा.

बांधायचं जूनच्या पहिल्या पावसात. मुळांची टोकं तेव्हा हिरवी होऊन वाढत असतात. जुनं मूळ पकड घेत नाही, नवं टोकच सालीला चिकटतं. खोडाची पूर्व किंवा उत्तर बाजू धरा, उंची पाच-सहा फूट. बेचक्यात ठेवू नका. रोप थोडं खाली झुकलेलं असू द्या, नाहीतर पानांच्या बगलेत पाणी साचून गाभा सडतो. बांधायला सुंभ किंवा सुती पट्टी घ्या; तांब्याची तार मुळांना विषासारखी. माती-शेणाचा लपेटा नको, मुळांना वारा लागतो.

पहिला उन्हाळा सांभाळा: मार्च ते मे आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पाणी फवारा. रोप रुळलं की मे-जूनच्या सुमारास फुलांच्या वेण्या लोंबतील. पहिल्या वर्षी नाही आल्या तरी हलवू नका.

प्रश्न: सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) हबेआमरी या जमिनीतल्या आमरीचे कंद आणून कुंडीत लावले. पावसात फुलले, यंदा उगवलेच नाहीत. (सातारा)

उत्तर: आणायलाच नको होते. जमिनीतल्या आमरींचं बी रुजतं ते तिथल्या मातीतल्या बुरशीच्या आधाराने. ती जुळणी कुंडीत जमणं कठीण. शिवाय पानं पिवळी पडल्यावरही पाणी चालू ठेवलं असणार. तेव्हा जुना कंद संपून नवा विश्रांती घेत असतो, ओलीत तो सडतो. कुंडी उकरून पाहा. टणक कंद सापडला तर जूनपर्यंत कोरड्या सावलीत ठेवा, पहिल्या पावसात बाहेर काढा. मऊ असेल तर टाकून द्या, आणि सड्यावरून दुसरे आणू नका.