बरोबर कोण, मी की आई?

प्रश्न : मावशी, मी आठवीत आहे. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. आई एका पतसंस्थेत कॅशियर आहे. रात्री जेवणं आटोपली की ती माझा गणिताचा गृहपाठ पाहते आणि रोज कशावरून तरी वाजतंच. वर्तुळाच्या क्षेत्रफळात मी पायची किंमत २२/७ घेतो, ती म्हणते ३.१४च घे. प्रत्येक पायरीला दोन दशांश स्थळांवर थांबायला लावते. १२ − ४ + ३ चं उत्तर ती ५ काढते, कारण कंचेभागुबेवमध्ये बेरीज आधी येते. मी ११ काढतो. आणि क्षेत्रफळाचा १५४ हा आकडा बरोबर असला तरी मी पुढे नुसतं 'सेमी' लिहिलं म्हणून लाल गोल करते. परवा मी आजीसमोर चिडून म्हणालो, "तुझ्या वेळचं गणित आता चालत नाही, तुला काही समजत नाही." आई वही मिटून उठली. तेव्हापासून "तूच पाहून घे" एवढंच म्हणते. बाबा म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून काऊन भांडता? तुम्हीच सांगा, बरोबर कोण?
— मानेवाड्याचा आठवीवाला

उत्तर : अरे बाप्पा, एका पत्रात चार खटले! आधी तू हरलेला घेते, म्हणजे पुढचं जरा नरमाईनं वाचशील.

तो लाल गोल योग्य आहे. सेमीमध्ये लांबी मोजतात, क्षेत्रफळ नाही. तुमच्याच भागातला ३० बाय ५० फुटांचा एखादा प्लॉट घे. त्याचं क्षेत्रफळ १५०० चौरस फूट. त्याच प्लॉटला चारी बाजूंनी तार लावायची तर एका फेऱ्याला १६० फूट लागेल. बोलताना लोक '१५०० फुटांचा प्लॉट' म्हणतात, पण रजिस्ट्रीत तसं कुणी लिहीत नाही. तुझं १५४ अर्धंच उत्तर आहे. १५४ चौसेमी झालं की ते पूर्ण होतं. इथे आईशी हुज्जत घालायला जागाच नाही, आणि परीक्षेत तुझे सरही घालू देणार नाहीत.

आता पाय. १५४ यायचं तर तुझ्या गणितात त्रिज्या ७ सेमी असणार. २२/७ घेतलं की सात कटतो आणि १५४ येतं. ३.१४ घेतलं की १५३.८६. खरं क्षेत्रफळ आहे १५३.९४ च्या आसपास. म्हणजे चुकतात दोघंही, पण तू किंचित कमी चुकतोस. आईला वाटत असेल की दशांशातला आकडा म्हणजे नेमका आणि अपूर्णांक म्हणजे ढोबळ. इथे उलट आहे. २२/७ हे पायच्या खऱ्या किमतीपेक्षा साधारण ०.००१३ नं जास्त आहे आणि ३.१४ साधारण ०.००१६ नं कमी. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये जी किंमत दिली ती ३.१४१६ इतकी येते, आणि तीही जवळपासची आहे हे त्यानं तिथेच सांगून ठेवलंय. तेव्हा यात तत्त्वाचं काही नाही. उदाहरणात किंमत दिली असेल तर तीच घ्यायची. दिली नसेल आणि त्रिज्या सातच्या पटीत असेल तर २२/७, त्रिज्या १० किंवा २० असेल तर ३.१४ सोयीचं. शंका उरलीच तर उद्या सरांना विचार. तो प्रश्न पाच मिनिटांचा आहे, त्यासाठी घरात आठवडाभर अबोला परवडत नाही.

खरी गंमत आहे ती दोन दशांश स्थळांच्या भांडणात. ही सवय आईला कुठून लागली, हे तू कधी पाहिलंस का? ती दिवसभर रुपये-पैशांत बसते. पैशाच्या खाली काही नाही, त्यामुळे रोजकीर्दीत दोन स्थळांच्या पुढचा आकडा लिहून उपयोग नसतो. तिथे प्रत्येक नोंद तिथेच पूर्ण करून टाकायची हीच शिस्त आहे, आणि त्या शिस्तीवरच तिची संध्याकाळची रोकड जुळते. अडचण एवढीच की गणिताच्या वहीतली मधली पायरी म्हणजे नोंद नव्हे. तिथे आकडा आधीच कापला की चूक पुढच्या पायरीत जाते.

हे तिला वाद घालून पटणार नाही. कॅल्क्युलेटर तिच्या हातात दे आणि १०० भागिले ७ करायला सांग. १४.२८५७ आणि पुढे बरंच काही दिसेल. तिच्या पद्धतीनं १४.२९ करा. आता त्याला ७ नं गुणा. १००.०३. शंभरातून निघालो, शंभरावर परतायला हवं होतं, तीन पैसे जास्त आले. कॅशियर बाईला तीन पैशांची तफावत म्हणजे काय ते तू समजावण्याची गरज नाही. तेव्हा शेवटपर्यंत १००/७ असंच ठेवायचं आणि दोन स्थळांत आणायचं ते फक्त शेवटच्या ओळीत, हे ती स्वतःच म्हणेल असा माझा अंदाज आहे. म्हणाली तर 'बघ, मी सांगत होतो ना' हे वाक्य गिळायचं.

कंचेभागुबेवचं मात्र वाईट वाटलं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हे पिढ्यान्‌पिढ्या पोट्ट्यांनी घोकलं, पण पुढची अट बऱ्याच जणांना कुणी सांगितलीच नाही. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या आहेत, डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा सोडवायच्या. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. तिथे भागाकार आधी केला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून घोटाळा कधी उघडा पडत नाही. वजाबाकीच्या पुढे बेरीज आली की पडतो. तुझं ११ बरोबर.

पण आईचा 'बेरीज आधी' हा नियमही अगदीच टाकाऊ नाही. अधिक चिन्हाचे सगळे आकडे आधी एकत्र करायचे, असा त्याचा अर्थ घेतला तर १२ आणि ३ मिळून १५, त्यातून ४ गेले, ११. गडबड होते ती ४ आणि ३ ची बेरीज केल्यामुळे, कारण त्या ४ च्या मागे उणे आहे. गल्ल्यात १२ रुपये होते, ४ दिले, ३ आले, किती उरले? काउंटरवर बसलेली असती तर तुझ्या आईनं ५ हे उत्तर झोपेतसुद्धा दिलं नसतं. वहीत तसंच गणित समोर आलं आणि शाळेतलं पाठांतर आड आलं.

तुझ्या बाबांना माझा निरोप दे की एवढ्याशा गोष्टींवरून मोठी माणसंही भांडतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीनं 'साठ तीन' असं वाचन आलं, तर राज्यभर वाद पेटला, विषय विधानसभेत गेला, आणि त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना त्यामागचं कारण पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. शिवाय बाबांना इतका कंटाळा येत असेल तर एखाद दिवस वही त्यांनी तपासावी.

राहिलं ते तुझं वाक्य. आई उठून गेली ती २२/७ मुळे नाही. दिवसभर लोकांच्या पैशांचा हिशेब करून, घरी येऊन पोळ्या लाटून, मग तुझी वही घेऊन बसणारी बाई 'तुला काही समजत नाही' हे ऐकते, तेही सासूसमोर. तू 'आजीसमोर म्हणालो' हे वेगळं लिहिलंस, त्यावरून तुलाही ते बोचतंय हे दिसतंय. मग आजी तिथे असतानाच म्हण, "आई, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं." त्याला 'पण' जोडू नकोस. कॅल्क्युलेटर आणि १०० भागिले ७ दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर. माफी आणि पुरावा एकाच बैठकीत मांडलास तर माफी ही पुराव्याची प्रस्तावना वाटेल. ती लगेच वही हातात घेईलच असंही नाही, दोन-चार दिवस 'तूच पाहून घे' चालू राहील. चालू दे. तू गृहपाठ करून वही उघडीच तिच्यापुढे ठेवत जा.

आणि क्षेत्रफळानंतर घनफळ येतंय, तिथे चौसेमी नाही, घसेमी लागतं. विसरलास तर लाल गोल आईकडूनच घे, मला लिहू नकोस.