लाईन गेल्यावर मेणबत्तीचा उजेड कसा वाढवायचा? मागे आरसा ठेवून फरक पडतो का?

पडतो. पण आरशाचं नाव निघालं की मला २००७ चा फेब्रुवारी आठवतो, म्हणून आधी ते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. माझी बारावी होती अन् लाईन दिवसातले बारा तास नसायची. भाव चढेल म्हणून बाबांनी कापूस विकला नव्हता, मधल्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग. ज्यांच्या घरी कापूस भरतात त्यांना ठाऊक आहे, त्या दिवसांत माणसं उरलेल्या जागेत राहतात.

दादा तेव्हा पॉलिटेक्निकला, म्हणजे घरातला शास्त्रज्ञ. "एका मेणबत्तीच्या दोन करून देतो," म्हणाला. बाबांचा दाढीचा आरसा त्यानं स्टुलावर ढिगाला टेकवून उभा केला, पुढं मेणबत्ती. उजेड वाढला, नाही म्हणत नाही. पण कापूस बसत जातो. साडेदहाच्या सुमारास ढीग दबला, आरसा खालून पुढं सरकला आणि मेणबत्ती स्टुलावरून थेट कापसात.

"अवो माय, कापूस पेटला! ऊठ वं पोट्टे!" आईच्या आवाजानं मी उठले.

वरची आग दोन गंज पाणी अन् ओला बारदाना, एवढ्यात विझली. खरा त्रास पुढं होता. कापूस वरून विझतो अन् आत धुमसत राहतो, वरून ओतलेलं पाणी आतवर जात नाही. रात्रभर ढीग उपसून जळका कापूस अंगणात काढला, तरी सकाळी आठला कोपऱ्यातून धूर निघालाच. दोनेक क्विंटल गेला. उरलेला ओला, धुरकट म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला तो वेगळाच.

घरात आजही सांगतात की हिला डुलकी लागली अन् हिचा हात लागला. डुलकी लागली होती. हात नाही लागला.

तर आरसा. सपाट आरसा कितीही चांगला असला तरी समोरचा उजेड दुपटीच्या वर नेऊ शकत नाही. तीच मेणबत्ती वहीपासून दोन फुटांवर असेल अन् तुम्ही एका फुटावर आणली, तर वहीवर चौपट उजेड पडतो, फुकटात. हे मी दादाला सतरा वर्षं सांगत होते. शेवटी मागच्या दिवाळीत कागदावर तेलाचा थेंब पाडला. दोन्हीकडून सारखा उजेड असला की तो डाग दिसेनासा होतो, बुन्सेन बर्नरवाल्या बुन्सेनचीच युक्ती आहे ही. एका बाजूला बारा इंचांवर साधी मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला आरशावाली. डाग नाहीसा झाला तेव्हा आरशावाली पंधरा इंचांवर होती. म्हणजे दीडपटीच्या जरा वर. दादा म्हणाला, आरसा जुना आहे.

आरसा ठेवायचाच तर भिंतीला खिळ्यावर टांगा, टेकवू नका. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीचा कोपरा मिळाला तर मला तोच आवडतो, उजेड डोळ्यांत खुपत नाही. वात पाव इंचावर कापा. लांब वातीची ज्योत मोठी दिसते, पण काजळी धरते अन् फडफडते. तीन-चार मेणबत्त्या लावल्या तर त्यांच्यात वीतभर अंतर ठेवा, जवळ ठेवल्या की एकमेकींना वितळवतात.

मेणबत्ती परातीत थोडं पाणी घालून मधे उभी करा, पडली तर पाण्यात पडेल. प्लॅस्टिकच्या झाकणावर चिकटवणारे लोक मी पाहिलेत, त्यांना काय सांगावं. पडदा, मच्छरदाणी, कुटार, कापूस यांच्या खोलीत ज्योत नेऊच नका. झोप येत असेल तर आधी विझवा, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आता कुणी म्हणेल चार्जिंगचा बल्ब घ्या. घ्याच. ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप; एक मेणबत्ती बारा-तेरा ल्युमेन देते अन् नऊ वॅटचा एलईडी आठशेच्या आसपास, तेव्हा आरशाचा हा सगळा खटाटोप चार्जिंग संपल्यावरचाच आहे. आमच्याकडे कापूस यंदाही मधल्या खोलीतच आहे.

दादा, वाचत असशील तर, डागाचा तो कागद मी जपून ठेवलाय. या दिवाळीत नवा आरसा घेऊन ये.