वाचक विचारतात : आयरिश धुना आणि मिरजेचा तंबोरा

प्रश्न : आयर्लंडच्या धुना ऐकल्या की तिथला प्रवास आठवतो, शिवाय त्या आपल्याच मातीतल्या वाटतात. असं का? साथीला तंबोरा चालेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : ओळख स्वरांची आहे. तिथल्या डोरियन (पाश्चात्त्य संगीतातली एक स्वरचौकट) धुनांत आपल्या काफी थाटाचेच, म्हणजे त्या नावाच्या स्वरचौकटीचेच, स्वर असतात, गंधार-निषाद कोमल. मिक्सोलिडियन ही तिथली दुसरी चौकट म्हणजे आपला खमाज थाट. १८४५ पासूनच्या बटाटा-दुष्काळात देश सोडलेल्यांनी या धुना अमेरिकेत जपल्या, म्हणून मुळांची ओढ त्यांत खरीच आहे.

तंबोरा अवश्य लावा, फक्त धुनेचा षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, आधी शोधा. डी पट्टीच्या टिन व्हिसलवरच्या (धातूच्या छोट्या आयरिश बासरीवरच्या) अनेक डोरियन धुना पांढरी तीनवर, म्हणजे पेटीच्या ई स्वरावर, विसावतात. तंबोरा पांढरी दोनवर (डी) ठेवलात, तर धून शेवटी टेकतच नाही. जिगला, म्हणजे तिथल्या नाचाच्या एका लयीला, दादरा तालाच्या सहा मात्रा जुळतात. ठेका हलका ठेवा.