वाचकांचे प्रश्न : पोलिसांची हद्द आणि पोलिसांची उतरंड

प्रश्न : सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आहेत आणि त्याच शहरात ग्रामीण पोलीस अधीक्षकांचेही कार्यालय आहे. या दोघांत मोठे कोण, आणि आमच्यासारख्यांनी नेमके कोणाकडे जायचे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मोठे कोण हा विचार क्षणभर बाजूला ठेवून हद्दीकडे पाहावे, म्हणजे उलगडा होतो. सोलापूर शहराच्या हद्दीतील पोलीस ठाणी आयुक्तांच्या अखत्यारीत येतात आणि बार्शी, पंढरपूर यांच्यासह उर्वरित जिल्हा ग्रामीण अधीक्षकांकडे असतो. अधीक्षकांचे कार्यालय शहरात आहे एवढ्यावरून शहराचा कारभार त्यांच्याकडे जात नाही. त्यामुळे आपल्यासाठी वरचे अधिकारी म्हणजे ग्रामीण पोलीस अधीक्षक.

पोलीस हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत असल्यामुळे पोलीस दलाची रचना हे राज्याचे काम आहे आणि आपल्याकडे ती प्रामुख्याने १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमावर उभी आहे. शासनाच्या पातळीवर गृह विभाग आणि दलाच्या शिरोभागी पोलीस महासंचालक असतात. त्यांच्या खाली क्षेत्रनिहाय कारभाराच्या दोन वाटा फुटतात. ग्रामीण भागात काही जिल्हे मिळून एक परिक्षेत्र होते आणि त्यावर विशेष पोलीस महानिरीक्षकांची देखरेख असते. कोल्हापूर परिक्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे ग्रामीण आणि आपला सोलापूर ग्रामीण असे जिल्हे येतात. जिल्ह्यात अधीक्षक, त्यांच्या मदतीला अपर अधीक्षक, त्याखाली काही ठाण्यांचा एक उपविभाग सांभाळणारे उपविभागीय पोलीस अधिकारी आणि शेवटी ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, अशी ही उतरंड आहे. मोठ्या शहरांत मात्र परिक्षेत्राचा टप्पा नसतो. आयुक्त थेट महासंचालकांना उत्तरदायी असतात आणि त्यांच्या खाली परिमंडळाचे उपायुक्त, विभागाचे सहायक आयुक्त आणि मग ठाणी येतात.

या दोन वाटांमधला खरा फरक पदनामाचा नसून अधिकाराचा आहे. आयुक्तांकडे कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकारही दिलेले असतात, म्हणून जमावबंदीचा आदेश ते स्वतः काढू शकतात. जिल्ह्यात तो सामान्यतः जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी काढतात. शस्त्रपरवान्याचेही तसेच आहे. सराईत गुन्हेगाराला तडीपार करण्याचा प्रस्ताव आयुक्तालयात उपायुक्तांपुढे निकाली निघतो, तर जिल्ह्यात अधिनियमाच्या कलम ५६ खालचा तोच प्रस्ताव बहुधा महसूल खात्याच्या प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. दाट वस्तीच्या शहरात निर्णय तातडीने व्हावा हे आयुक्तालय पद्धतीचे समर्थन आहे. ते पटण्यासारखे असले, तरी पोलिसांच्या मागणीवर पोलिसांबाहेरच्या अधिकाऱ्याची नजर पडते हा जिल्हा पद्धतीचा लाभ त्यात कमी होतो, हेही नमूद केले पाहिजे.

क्षेत्रनिहाय उतरंडीच्या जोडीने विशेष कामांच्या शाखा चालतात. पुण्यात मुख्यालय असलेला गुन्हे अन्वेषण विभाग, राज्य गुप्तवार्ता विभाग, दहशतवाद विरोधी पथक, महामार्ग पोलीस, लोहमार्ग पोलीस, राज्य राखीव पोलीस दल आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग ही त्यांतली ठळक नावे. जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे ज्याला सगळे एलसीबी म्हणतात ती, आणि माहिती गोळा करणारी जिल्हा विशेष शाखा असते. यांपैकी बहुतेक शाखांशी सामान्य नागरिकाचा थेट संबंध क्वचितच येतो, कारण त्या ठाण्याला पाठबळ देतात किंवा ठाण्याच्या आवाक्याबाहेरचा तपास हाती घेतात.

ही सगळी यंत्रणा एकत्र काम करताना पाहायची असेल, तर आपल्याच जिल्ह्यातील आषाढी वारीचा बंदोबस्त पाहावा. पंढरपुरात जमणारा समुदाय तिथल्या ठाण्यांच्या मनुष्यबळाला पेलणारा नसतो, म्हणून इतर जिल्ह्यांतून अधिकारी व अंमलदार मागवले जातात, राखीव दलाच्या तुकड्या येतात, गृहरक्षक दलाचे जवान उभे राहतात, आणि पालखी जसजशी एका जिल्ह्याची हद्द ओलांडून पुढच्या जिल्ह्यात येते तसतशी तिची जबाबदारी एका अधीक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते. अशा वेळी आदेश कोणी द्यायचा आणि तो कोणी पाळायचा याबद्दल संदिग्धता राहिली, तर गर्दीत जिवावर बेतू शकते. परिक्षेत्राची पातळी वरवर पाहता निव्वळ कागद पुढे सरकवणारी वाटते, पण अनेक जिल्ह्यांच्या दलांचा मेळ घालताना तिचे महत्त्व कळते. या बंदोबस्ताची दुसरी बाजू अशी की ज्या ठाण्यांतून माणसे पाठवली जातात, तिथे मागे राहिलेल्यांवर गस्त, तपास आणि न्यायालयाच्या तारखा यांचा भार वाढतो. आपला तपास त्या काळात रेंगाळला असेल तर हे एक कारण असू शकते.

आपण जायचे ते मात्र ठाण्यातच. तिथे ठाणे अंमलदार फिर्याद घेतात, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि तपास अधिकारी नेमला जातो. गावात पोलीस पाटील असतात. त्यांचे पद १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचे आहे. ते गावातील माहिती ठाण्याला कळवतात, पण गुन्हा दाखल करून घेणे हे ठाण्याचेच काम. तातडीची मदत हवी असल्यास ११२ हा क्रमांक आहे.

प्रश्न : माझ्या खात्यातून फसवणुकीने पैसे गेले. जवळच्या ठाण्यात ‘हे आमच्याकडे येत नाही, सायबरकडे जा’ असे सांगितले. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे अशा प्रसंगी ठाण्यात जाण्याच्याही आधी १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी ते गोठवता आले तरच हाती लागण्याची आशा असते.

आपल्याला मिळालेल्या उत्तरामागे थोडे तथ्य आहे आणि बराचसा चालढकलीचा भाग आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि सायबर पोलीस ठाण्यांकडे त्यासाठीची साधने अधिक असतात. परंतु तपास कोणी करायचा आणि फिर्याद कोणी घ्यायची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. प्रकरण पुढे योग्य ठाण्याकडे वर्ग करणे हे पोलिसांचे काम आहे, फिर्यादीचे नव्हे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी.

तरीही नकार मिळाला, तर खबरीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा. तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधनही या संहितेने घातले आहे, याची आठवण तपास अधिकाऱ्यांना करून देण्यात संकोच बाळगू नये.

प्रश्न : चांगला अधिकारी आला की त्याची बदली होते. बदल्यांना काही नियम आहेत की नाहीत?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नियम आहेत. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये राज्यांना जे निर्देश दिले, त्यांत महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ यांचा समावेश होता. महाराष्ट्राने त्यानंतर २०१४ मध्ये आपल्या अधिनियमात दुरुस्ती करून अशी मंडळे स्थापली. निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या मंडळांकडे आहेत. उपअधीक्षक व त्यावरील राज्य सेवेतील अधिकाऱ्यांबाबत गृहमंत्री आणि भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांबाबत मुख्यमंत्री सक्षम प्राधिकारी ठरतात. मात्र लोकहितासाठी किंवा प्रशासकीय निकड म्हणून मुदतपूर्व बदली करण्याची मुभा त्याच कायद्यात आहे, आणि माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ नियमाच्या अभावात नसून या मुभेच्या सैल वापरात आहे.

त्याच दुरुस्तीतून पोलीस तक्रार प्राधिकरणही आले. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, विहित कार्यपद्धती डावलून केलेली अटक, खंडणी अशा आरोपांची चौकशी त्याच्याकडे मागता येते. बदलीविरुद्धचे गाऱ्हाणे मात्र त्याच्या कक्षेत येत नाही.