अधिक पगार मागावा का?

प्रश्न : नवी नोकरी मिळते आहे. देऊ केलेल्या पगारापेक्षा अधिक मागितले, तर एक स्त्री म्हणून मी हावरट ठरेन का?

उत्तर : आपली भीती निराधार नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांच्या २००७ मधील संशोधनात, अधिक मोबदला मागणाऱ्या स्त्रीविषयी पुरुष परीक्षकांचे मत अधिक प्रतिकूल झाल्याचे दिसले. हा दोष त्या स्त्रीचा मुळीच नाही. तरीही गप्प राहू नका, कारण पगारवाढ बहुधा टक्क्यांत मिळते आणि दरवर्षी १० टक्के वाढ धरली, तर आज स्वीकारलेली तफावत ८ वर्षांत दुपटीहून मोठी होते. त्या पदाचा प्रचलित पगार आधी जाणून घ्या, आपल्या कामाचे दाखले देऊन नेमका आकडा सांगा आणि जुना पगार विचारला, तरी बोलणे नव्या जबाबदारीवरच ठेवा.